अकरा किलोमीटर, फाटकाच्या आत

"उत्तर महाराष्ट्रातल्या गुन्हेगारांना ज्या नावानं कापरं भरतं, ते नाव म्हणजे गोटीराम निमसे. गरुडाची नजर, कोल्ह्याचा कावा आणि…" एवढं सांगून गोटीराम थांबले.

"आणि?" स्नेहलनं टाइपरायटरवर बोटं रोखून विचारलं.

"आणखी एखादा प्राणी सुचव. दमदार पाहिजे."

"सर, जाहिरात चार ओळींची आहे. दोन प्राणी पुरेत."

स्नेहल ही गोटीरामांची सहायक. टायपिंगच्या दोन परीक्षा पास होऊन ती नोकरी शोधत आली होती, आणि पाटीवरचं 'निमसे शोधकार्य' वाचून तिला हे इतिहास संशोधनाचं मंडळ वाटलं होतं. खरा प्रकार कळेपर्यंत पहिला महिना संपला होता. गेल्या तीन वर्षांत गोटीरामांनी सात प्रकरणं हाती घेतली. त्यातली चार हरवलेल्या कुत्र्यांची होती, आणि चारही कुत्री आपापल्या पायांनी घरी परतली होती. गोटीराम याला 'मानसिक दबाव' म्हणत.

ऑफिस नाशकातल्या द्वारका चौकात होतं, पुंजारामच्या टायरच्या दुकानावर. गुन्हा घडलेला माणूस जिना चढून वर येईपर्यंत रबराच्या वासानं निम्मा विसरून जाई. त्या सोमवारी मात्र पुंजारामनंच एका गिऱ्हाइकाला हाताला धरून वर आणलं.

"निमसे, हे हिरामण थेटे. मखमलाबादचे. यांना टायर घ्यायचेत."

"मग वर कशाला आणलंत?" स्नेहल म्हणाली.

"कारण यांचे टायर कोणीतरी खातंय."

गोटीरामांनी हळूच ड्रॉवरमधलं भिंग काढलं. सात प्रकरणांत ते पहिल्यांदाच बाहेर येत होतं. त्याला अजून किमतीची चिठ्ठी चिकटलेली होती.

हिरामणचं पंचवटीत मोबाइलचं दुकान होतं. गेल्या दिवाळीत त्यानं एक जुनी लाल लान्सर घेतली. कमी उंचीची, रुंद छातीची, मागं पंख लावलेली. दुकानासमोर पोरं ओरखडे काढतात म्हणून तो रोज स्कूटरवर जाई आणि गाडी फक्त रविवारी काढी, त्र्यंबक रस्त्यावर, काचा खाली करून. एवढ्या लाडात वाढलेल्या गाडीचे डाव्या बाजूचे दोन्ही टायर मार्चमध्ये गुळगुळीत झाले. चारही नवे घातले. आता ऑक्टोबरात पुन्हा डावे दोन्ही साफ.

"अलाइनमेंट मी तीनदा बघितली," पुंजाराम म्हणाला. "सरळ आहे. टायरातही खोट नाही."

"आणि साहेब, घरातून नोटीस आहे," हिरामण म्हणाला. "बायको शाळेत शिकवते. तिनं मुलांना सांगतात तसं सांगितलंय. दसऱ्याला दारात पूजेला एकच गाडी उभी राहील. एक तर टायर कोण खातंय ते शोधून नीट केलेली लाल, नाहीतर लाल विकून घेतलेली पिकअप."

दसरा शुक्रवारी होता.

पुंजारामनं जिन्यातच दोन टायर टेकवून ठेवले होते. "हा कडक. साठ हजार किलोमीटर चालेल, पण वळणावर भरवसा नाही आणि प्रत्येक खड्डा मणक्याला कळवेल. हा दुसरा मऊ, रुंद. रस्त्याला घोरपडीसारखा चिकटतो. पण झिजायला हलका." हिरामणनं मऊ टायरवरून असा काही हात फिरवला, की पुंजारामनं भिडेखातर नजर दुसरीकडे वळवली.

"कोणता घेऊ ते तुमच्या तपासावर आहे, साहेब. खाणारा सापडला नाही, तर मऊ घेऊन उपयोग नाही. आणि कडक घेऊन जगण्यात अर्थ नाही."

"आणखी काही विचित्र?" गोटीरामांनी विचारलं.

"आहे ना. मी रोज सकाळी मीटरचा आकडा वहीत लिहितो. संध्याकाळी येऊन बघतो तर गाडी अकरा किलोमीटर चाललेली. कधी बारा. पण फाटकातून बाहेर पडलेली कोणी पाहिलेली नाही. फाटकासमोरच केरूची चहाची टपरी आहे, तो दिवसभर तिथंच असतो."

"पेट्रोल?"

"तेही कमी होतं. पण मला वाटलं, स्पोर्टी गाडी आहे, पीत असेल."

"घरी दिवसा कोण असतं?"

"आबा आणि आई. आबांना मी विचारलं. ते म्हणाले, हल्लीच्या टायरात दम नाही."

हिरामण गेल्यावर गोटीराम खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली चौकात एक कांद्याचा ट्रक आणि एक रिक्षा एकमेकांना उपदेश करत होते.

"स्नेहल, लिहून घे. डावेच टायर झिजतात. म्हणजे गुन्हेगार डावखुरा आहे. मार्च आणि ऑक्टोबर. वर्षात याच दोन महिन्यांत महाराष्ट्रात काय असतं?"

"दहावीची परीक्षा."

"बरोबर. मार्चला नापास झालेला ऑक्टोबरला बसतो. म्हणजे गुन्हेगार दहावी नापास आहे. अपयशाचा राग तो दुसऱ्याच्या टायरांवर काढतो. डावखुरा, दहावीला अडकलेला, हाताला काम नसलेला इसम. असा माणूस नाशकात शोधायचा कुठं?"

स्नेहलनं मान वर केली. गोटीराम डाव्या हातानं टिपण काढत होते. त्यांच्या मागच्या भिंतीवर दहावीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं होतं. त्यावर 'ऑक्टोबर' असं होतं, आणि तो तिसरा ऑक्टोबर होता. तिनं 'डावखुरा' लिहून घेतलं.

मंगळवारी संध्याकाळी, हिरामण घरी आल्यावर, दोघं गाडी बघायला गेले. गोटीराम भिंग घेऊन बॉनेटपासून पंखापर्यंत सरपटले आणि उठले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता.

"थेटे, गाडी धुळीनं माखलीय. पण टायर बघा."

टायर स्वच्छ होते. नुसते स्वच्छ नाही, देव घासावेत तसे घासलेले.

"पुरावा नष्ट केलाय," गोटीराम म्हणाले. "अख्खी गाडी सोडून फक्त चार टायर धुणारा गुन्हेगार. थंड डोक्याचा आहे." त्यांनी वायपरखालून एक वाळकी शेंग चिमट्यानं काढली, प्लास्टिकच्या पिशवीत टाकली आणि पिशवीवर लिहिलं : 'बहुधा विषारी'.

बुधवारी सकाळपासून त्यांनी केरूच्या टपरीवर पाळत ठेवली. वेषांतर म्हणून गोटीरामांनी काळा चष्मा आणि डोक्याला उपरणं बांधलं होतं. केरूनं पहिलाच चहा देताना विचारलं, "गुप्तहेर ना तुम्ही? हिरामणशेट बोलले होते. साखर कमी का नेहमीची?"

"गाडी या फाटकातून बाहेर येते का?"

"नाय."

"पक्कं?"

"साहेब, हे फाटक म्हणजे माझा टीव्ही हाय. सकाळी शेट जातात, बाई शाळेत जातात. मग दिवसभर कार्यक्रम नाय."

दिवसभरात चौदा चहा झाले. फाटक हललं नाही. संध्याकाळी हिरामणनं मीटर बघितला तर बारा किलोमीटर वाढलेले. गोटीरामांनी काळा चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"स्नेहल, गाडी आत आहे, फाटक बंद आहे, तरी गाडी बारा किलोमीटर गेली. याला जगात एकच उत्तर आहे."

"आतल्या आत…"

"भुयार."

"सर?"

"रामशेजच्या किल्ल्यापर्यंत. जाऊन-येऊन बारा किलोमीटर सहज होतं. टायर का धुतले? भुयारातली ओली माती लागते म्हणून. डावेच का झिजतात? कारण भुयार डावीकडून अरुंद आहे. कसं फिट्ट बसतंय बघ."

ते खरोखरच फिट्ट बसत होतं, आणि स्नेहलला त्याचीच काळजी वाटली. भुयार न सापडण्यात पूर्ण गुरुवार जाणार होता, आणि शुक्रवारी हिरामणच्या दारात पिकअप. मंगळवारी संध्याकाळी भिंगाकडे बघत उभा असलेला हिरामणचा चेहरा तिला आठवला. गोटीरामांकडे एवढ्या आशेनं बघणारं दुसरं कोणी तिनं पाहिलं नव्हतं. कुत्र्यांनीही नाही.

गुरुवारी अकरा वाजता दोघं फाटकातून आत गेले. भुयार उघडायचं ते सगळ्यांसमोरच, असं ठरलेलं म्हणून हिरामणही दुकान बंद ठेवून येणार होता. पोर्चमध्ये गाडी नव्हती. गोटीरामांचे डोळे चमकले. ते काठीनं फरशी ठोकत ठोकत निघाले आणि पोकळ आवाज येताच कोंबड्यांच्या खुराड्यात शिरले. आतून कोंबड्यांचा आणि त्यांचा आवाज येऊ लागला. कोणता कोणाचा हे सांगणं अवघड होतं.

ओट्यावर हिरामणची आई, नवसाबाई, सुपात काहीतरी पाखडत होती.

"काय हरवलं का त्यांचं?" तिनं खुराड्याकडे बघत विचारलं.

"नाही मावशी. ते गाडी शोधतायत."

"खुराड्यात?"

स्नेहलला वाटलं, तीन दिवसांत सगळ्यांनी सगळ्यांना सगळं विचारलं. एक साधा प्रश्न तेवढा राहिला.

"मावशी, गाडी कुठंय?"

"खळ्यात."

"खळ्यात काय करते?"

"फिरते," नवसाबाई म्हणाली आणि सूप झटकलं. "सोयाबीन मळायला घातलंय."

घरामागं झेंडूचं रान होतं. हिरामण तिकडं शेवटचा गेला होता तो लग्नाआधी, फोटो काढायला. रानापलीकडे शेणानं सारवलेलं गोल खळं, खळ्याच्या मधोमध रोवलेला लाकडाचा खांब, म्हणजे मेढ, आणि मेढीभोवती पसरलेल्या सोयाबीनवरून मागं पंख लावलेली लाल लान्सर गोल गोल फिरत होती. स्टिअरिंगवर हिरामणचे वडील सावळीराम. एक हात चाकावर, दुसरा खिडकीबाहेर, आणि तोंडानं "हो, हो, चल राजा" चाललेलं.

हिरामण मागून पोचला होता. तो तिथंच बांधावर बसला.

"आबा," तो एवढंच म्हणाला.

सावळीरामनं गाडी थांबवली. "आलास का. बरं झालं. जरा आकडी घेऊन पाला उलथ."

"आबा, ही लान्सर आहे."

"मग मी काय म्हैस म्हणलो का? मार्चात हरभरा हिनंच मळला. ट्रॅक्टर लय जड रे, दाण्याची डाळ होती. ही बघ." त्यानं मूठभर सोयाबीन उचलून लेकापुढं धरलं. गोल, पिवळं, अखंड. "दाणा फुटत नाय. आपलं झालं की आळीतल्या सगळ्यांचं मळतो. लंकाबाईचं काल झालं."

"पण मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलं, टायर का झिजतात. गाडी खळ्यात फिरती का, ते कुठं इचारलं?"

एवढ्यात अंगभर पिसं घेऊन गोटीराम रानातून धावत आले आणि "कोणी हलायचं नाही," म्हणत थेट खळ्यात शिरले.

"आरं चपला," सावळीराम आणि नवसाबाई एकदम ओरडले. "चपला काढ आधी. खळं हाय ते."

गोटीराम एका पायावर उभे राहिले. त्याच क्षणी स्नेहलला टायरांचा उलगडा झाला. "आबा, म्हणून तुम्ही टायर धुता?"

"मग? माणूस खळ्यात अनवाणी येतो. गाडी काय रस्त्याची घाण घेऊन येईल? आत आणताना धुतो, बाहेर नेताना शेण लागलेलं धुतो. अंगाचं धुवायचं काय कारण? ते कुठं धान्याला लागतं?"

"आणि नेहमी एकाच बाजूनं फिरवता?"

"मेढ उजव्या हाताला ठेवूनच फिरायचं. देवाला उलटी प्रदक्षिणा घालतात का?"

म्हणजे डावी बाजू बाहेरची. बाहेरची चाकं जास्त पळतात आणि वळणाचा सगळा भार तीच घेतात. स्नेहलनं हे वहीत लिहिलं. गोटीरामांनी वाकून ते वाचलं, आणि मग मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं, जणू ते हवेतून आलं होतं. परतताना त्यांनी केरूला जाब विचारला. केरू म्हणाला, "साहेब, तुम्ही इचारलं बाहेर येती का. आत फिरती का, ते इचारलं असतं तर बुधवारीच सांगितलं असतं. माझं बी सोयाबीन हाय की लायनीत."

खरी परीक्षा दुपारी होती. शाळेतून आलेल्या हिरामणच्या बायकोनं, ललितानं, पर्स न ठेवताच सगळं ऐकलं. हिरामण नवरात्रात उपवास धरल्यासारखा कोपऱ्यात बसला होता.

"म्हणजे ही गाडी काम करते?" ललितानं विचारलं.

"आळीतली सगळ्यात चांगली मळणी हाय पोरी," सासरा म्हणाला.

ललितानं पिवळे दाणे हातात घेऊन निरखले, तपासलेल्या वहीसारखे. "मग राहू दे. पण टायरांचं काय? दर सहा महिन्यांनी हेच?"

"नवे टायर मी बघून आणतो," सावळीराम म्हणाला.

द्वारकेला दुकानात सावळीरामनं चपला बाहेर काढल्या. मग कलिंगड बघावं तसा एकेक टायर अंगठ्यानं दाबत, थापटत रांगेच्या टोकापर्यंत गेला. कडक टायरला त्यानं बाजूला सारलं. "दाणा फोडील." मऊ, रुंद, घोरपडीसारख्या टायरपाशी तो थांबला, अंगठा आत गेला आणि त्याचा चेहरा उजळला. "हे चार."

हिरामणनं पुढं होऊन पहिला टायर स्वतःच उचलला. ते त्याचे टायर होते.

"आबा, हे पण डावीकडून झिजतील," पुंजाराम म्हणाला.

"का झिजतील? मळणीला बाहेरचा बैल दमायचा, मग दुपारनंतर त्याला आत मेढीपाशी घ्यायचा आन् आतला बाहेर. हरभऱ्याला डावे उजवीकडं टाकायचे."

पुंजारामनं त्याच्याकडे बघितलं. "हेच आम्ही इथं शिकवतो, आबा. फक्त बैलाशिवाय."

गोटीरामांनी अहवाल लिहवला. 'गुन्हेगार : नाही. हत्यार : गाडी. हेतू : सोयाबीन. यश : निमसे शोधकार्य.' मोबदला म्हणून सावळीरामनं अर्धं पोतं सोयाबीन दिलं. गोटीरामांनी 'बहुधा विषारी' पिशवीतली शेंग गुपचूप त्यातच टाकली.

शुक्रवारी, पूजा झाल्यावर, हिरामणनं पोतं आणि पूजेला आलेली स्नेहल, दोघांना द्वारकेला सोडायला घेतलं. बॉनेटवर झेंडूचा हार, मागच्या सीटवर स्नेहलच्या शेजारी पोतं. सिग्नलला शेजारी एक निळी गाडी येऊन थांबली. आतल्या तरुणानं काच खाली केली आणि टायरांकडे बराच वेळ बघितलं.

"भारी रबर आहे, दादा. पकड कशी आहे?"

स्नेहलनं आरशात बघितलं. हिरामणनं एक हात चाकावर ठेवला, दुसरा खिडकीबाहेर काढला.

"दाणा फुटत नाही," तो म्हणाला, आणि सिग्नल हिरवा झाला.