न्यूक्विस्टबाईंच्या टेपमधली घूं

"लिही," लाइल टोर्विक म्हणाला, "डुलुथ शहरात असा एकही आवाज नाही, जो या कानांपासून लपून राहिला."

मी लिहिलं. त्याची बायको वरून तिसऱ्यांदा जेवायला हाक मारत होती आणि ती त्या कानांपर्यंत पोचली नव्हती, हे मात्र लिहिलं नाही.

लाइल टेलिफोनच्या खांबांवरून निवृत्त झालेला माणूस. घरच्या प्रिंटरवर त्याने कार्डं छापली आहेत: 'ध्वनिगुन्हे अन्वेषक'. जुने टेपरेकॉर्डर, नवा संगणक आणि मी, एवढी त्याची सामग्री. मी चौतीस वर्षं वाचनालयात लोकांना गप्प बसवलं. ध्वनिशास्त्रातला माझा अधिकार तेवढाच.

प्रकरण असं होतं. आर्डिस न्यूक्विस्टबाईंच्या नातीचं शनिवारी लग्न. आजोबांच्या अकॉर्डियनवरच पहिला पोल्का नाचायचा, हे त्या पोरीने सात वर्षांची असतानाच जाहीर केलं होतं. आजोबा हार्लन मध्यंतरी गेले. मागे उरली त्यांची चाळीस वर्षांपूर्वीची एकच टेप, तीही चिकट झालेली. अशी टेप मंद आचेवर शेकली की थोडे दिवस वाजते. लाइलने ती हरणाचं मांस सुकवायच्या यंत्रात आठ तास शेकली. टेप वाजली. वासही भूक लागेल असा होता.

पण सुरुवातीची एक मिनिट चाळीस सेकंद नुसती घूं ऐकू येई. ती थांबे आणि मग पोल्का सुरू होई.

मी भीतभीत म्हटलं, तेवढा भाग कापून टाकू या.

"पुरावा कापायचा?" लाइल म्हणाला. "मर्ल, तू आपली पुस्तकं वाच."

पहिला संशयित त्याच्याच तळघरातला फ्रीजर. लाइलने त्याची वायर उपटली आणि टेप पुन्हा लावली. घूं तशीच. फ्रीजर निर्दोष ठरला. वायर परत लावायची राहिली, म्हणून आम्ही तीन दिवस त्यातले मासे खाल्ले.

दुसरा संशय शेजाऱ्याच्या छतावरच्या सौरपट्ट्यांवर. शेजाऱ्याने कुंपणावरून शांतपणे सांगितलं की चार दिवस ऊन पडलेलं नाही. तिसरा संशय बंदरात लोहखनिज न्यायला येणाऱ्या जहाजांवर. लाइल दुर्बीण घेऊन खिडकीत बसला. जहाज दिसलं की टेप लाव, घूं ऐक, वेळ लिही. जहाजं दिवसभर येत होती, त्यामुळे पुरावा भक्कम होत गेला.

"आणि ती दर वेळी त्याच सेकंदाला थांबते," तो कुजबुजला. "गुन्हेगाराला आपली चाहूल लागते."

दर वेळी त्याच सेकंदाला थांबणारा आवाज टेपमध्येच असणार, असं मला वाटलं होतं. पण मला बरंच काही वाटतं, आणि त्यातलं पुष्कळसं चुकीचं निघतं. मी पुढच्या जहाजाची वेळ लिहिली.

एकोणिसाव्या खेपेला टेपमधून तपकिरी भुकटी गळली आणि ती कायमची मुकी झाली. लाइल डगमगला नाही. टेप आधीच संगणकात उतरवून ठेवली होती; त्या नोंदीवरून त्याने घूं पुसणारा प्रोग्राम फिरवला आणि मूळ नोंदीच्या जागीच ती धुतलेली नोंद ठेवली. घूं समूळ गेली. तिच्याबरोबर अकॉर्डियनचा खर्जही गेला.

शुक्रवारी न्यूक्विस्टबाई लिंबाच्या वड्या घेऊन आल्या. लाइलने मोठ्या थाटात बटण दाबलं. डबीत कोंडलेला डास पोल्का वाजवू लागला.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. वड्यांच्या डब्याचं झाकण पुन्हा लावलं.

"हा हार्लन नाही," त्या म्हणाल्या. "मी नातीला काय सांगू?"

लाइलचे कान लाल झाले.

घराला कुलूप लावलंय ना, हे बघायला तीनदा परत जाणारा माणूस मी. स्वतःचा भरवसा नाही म्हणून पहिल्याच दिवशी मी एक प्रत पेनड्राइव्हवर काढली होती. ती खिशातून काढून लावली. घूं सुरू झाली. मी माफी मागत म्हटलं, सुरुवातीला जरा आवाज आहे.

बाईंनी हात वर करून मला गप्प केलं.

"हा तर आमचा फ्रीजर," त्या म्हणाल्या. "तळघरातला. हार्लन त्याच्या झाकणावरच बसायचा. फ्रीजर थांबेपर्यंत वाजवायचा नाही. मी वरून ओरडायचे, अरे, वायर काढ ना. तो म्हणायचा, मासे वितळतील."

त्यांनी डबा पुन्हा उघडला.

"यातलं काहीही कापायचं नाही हं, मर्ल."

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये दोनशे माणसं हातात हात घेऊन एक मिनिट चाळीस सेकंद एका फ्रीजरला ऐकत उभी राहिली. कोणी खोकलंसुद्धा नाही. फ्रीजर थांबला. खर्जासकट हार्लन सुरू झाला आणि नवरी हसत धावतच नाचात शिरली.

लाइल माझ्या कानाशी वाकला.

"लिही," तो म्हणाला, "माझा पहिला संशय फ्रीजरवरच होता."

दुर्दैवाने ते खरं होतं. मी लिहिलं.