घरतकाकांचं अंतराळ प्रशिक्षण

बासष्टाव्या वर्षी माणसाने अंतराळवीर व्हायची तयारी करावी का? खुशाल करावी, पण खुर्ची गरागरा फिरवायला मला बोलावू नये! शिरगावात आमच्या समोरच्या दारात घरतकाका राहतात. रोज सकाळी बेल वाजवणार, "मॅडम, दोन मिनिटं." मी खुर्ची फिरवायची आणि त्यांनी सतराचा पाढा उलटा म्हणायचा. एकशे दोनपर्यंत आले की तोंड दाबून बेसिनकडे पळायचे.

ती खुर्ची त्यांनी उल्हासनगरला, कॅम्प चारच्या एका वर्कशॉपमधून बनवून आणली. मालक म्हणाला, "साईं, इस उमर में चक्कर तो फुकट में आते हैं!" काका हसले नाहीत. अंबरनाथच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर तयार माल मापून नापास केलाय. "सिलेक्शन असंच होत नाही," एवढंच म्हणाले.

हे त्यांचं पालुपद. "चांगल्या चांगल्या वैमानिकांतून मूठभर घेतात, मॅडम. कानात गडबड, नापास. डोळ्यात गडबड, नापास. कोंडून ठेवतात, पाण्यात उतरवतात, माणूस चिडतो का ते बघतात."

"मग मी पहिल्याच दिवशी नापास," मी म्हणाले.

"तुम्ही फॉर्मच भरू नका," काका गंभीरपणे म्हणाले.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर काकू बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले आता चाला. पण काकू उठेचनात. "परत पडले तर?" एवढंच. व्यायाम शिकवायला आलेल्या मुलीला त्यांनी रडून रडून परत पाठवलं. चार महिने गेले. मग डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, आणखी दोन महिन्यांत उभ्या राहिल्या नाहीत, तर कायमच्या अंथरुणाला खिळतील.

आणि या माणसाने काय करावं? काकूंच्या शेजारी दुसरी खाट टाकली, पायथ्याशी विटा लावून ती उंच केली आणि स्वतः डोकं खाली, पाय वर करून आडवे झाले!

"एकवीस दिवस," म्हणाले. "शरीराला वजन कळेनासं झालं की काय होतं, ते असंच झोपवून बघतात."

जेवणसुद्धा आडवं राहूनच. एकदा आमटी नाकात गेली. माझं तोंड आधीच फटकळ. "काका, बायको आजारी आणि तुम्हाला खेळ सुचतायत? लाज कशी नाही वाटत?"

छताकडे बघत म्हणाले, "मॅडम, ती डावी वीट सरकलीय का बघा जरा."

मी तणतणत घरी आले. दोघांचा डबा मात्र देत राहिले, उपाशी थोडंच ठेवणार!

बाविसाव्या दिवशी काका उठले ते भिंत धरूनच. पाय लटलट कापत होते. काकू ओरडल्या, "अहो, धरा, धरा काहीतरी!" काका जमिनीवरच बसले आणि तिथूनच सांगायला लागले, "अंतराळवीर परत येतात ना, त्यांनाही उभं राहवत नाही. उचलून खुर्चीत बसवतात. चालायला पहिल्यापासून शिकवतात. त्यात कमीपणा कसला?"

व्यायामाच्या मुलीला पुन्हा बोलावलं. "पेशंट दोन आहेत," काकांनी सांगितलं. आणि काकू, कुरकुरत का होईना, वॉकर धरून उभ्या राहिल्या. "यांना एकट्याला कसं सोडू?" महिन्याभराने वॉकर सुटला. काकांचा हात धरून त्या त्यांना रोज जिन्यापर्यंत नेऊ लागल्या, वर दटावायच्या, "पाय उचला नीट!"

परवा मी भाजीला निघाले, तर पुढे काका. काठी टेकत, थांबत थांबत गेटबाहेर पडले. कोपरा वळल्याबरोबर काठी काखेत मारली आणि असे सुटले, की त्यांना गाठताना मला धाप लागली.

"काका! पाय कधी बरे झाले?"

चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. "खाटेवरून उठलो, त्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशीच."

"आणि हे नाटक?"

"घरी बोलू नका, मॅडम." आवाज एकदम बारीक झाला. "ती माझ्यासाठी उठते. मी बरा झालो म्हटलं, तर परत पडून राहील. ते चार महिने... मला नाही सहन होणार परत."

आणि मी या माणसाची लाज काढली होती! रस्त्यातच डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. आम्ही दोघांनी भाजी घेतली आणि परत निघालो. कोपऱ्यावर आल्यावर मीच त्यांना थांबवलं.

"काका, काठी टेका. काकू गॅलरीत उभ्या आहेत."