हकीकत रघोपंतांचे रुमालाची

श्रीशारदेस दंडवत, गजाननास दंडवत, आणि ज्यांचे कान खरे त्यांस एक दंडवत अधिक. शके सोळाशें अठ्ठ्याण्णव, दुर्मुख नाम संवत्सरीं, एका राज्यांत वर्तमान घडलें तें हुजुरांनीं पुसिलें, सबब लिहिलें असे. राज्य कोणतें तें विचारूं नये. ज्याचें त्यास कळेल, आणि ज्यास कळणार नाहीं त्यानें सुखें झोपावें.

त्या राज्यींचे श्रीमंत गाण्याचे मोठे भोक्ते. पदरीं दाजीबुवा म्हणोन वृद्ध गवई होते, दरबारीं गावें तर त्यांनींच. गांवांत हौसेनें गाणारीं वाजविणारीं तरणीं पोरें पुष्कळ, परंतु त्यांस पुसतो कोण? कोणी गोठ्यांत म्हशीपुढें सारंगी घाशी, कोणी विहिरीच्या कांठीं गळा फोडी, आणि चार माणसांपुढें बसावयाचा प्रसंग आला म्हणजे पांचावर धारण बसे. हें श्रीमंतांचे कानीं गेलें, मग श्रीमंत कळवळोन बोलिले, "अरे, म्हशींपुढें किती दिवस गातील? यांस जितींजागतीं माणसें ऐकावयास द्या." आणि कारभारी रघोपंत यांस आज्ञा जाहली कीं, दर पौर्णिमेस तिसरे प्रहरीं हत्तीखान्यापुढील पटांगणांत सभा भरवावी, होतकरू पोरांनीं गावें, रयतेनें ऐकावें, आणि सभा ज्यास वाखाणील त्यास दाजीबुवांनीं शिष्य करून घ्यावें. आज्ञा थोर. तींत खोट नव्हती. खोट पुढें शिरली.

पहिली सभा भरली. दवंडी पिटोन घरटीं एक माणूस आणविलें. कासाराचा विठोजी म्हणोन पोर, त्यानें सारंगी वाजविली. रयतेस कधीं सभेंत बसावयाचा सराव नाहीं, वाहवा कोठें म्हणावी तें ठाऊक नाहीं, उगाच चुकीचे जागीं तोंड उघडलें तर फटके बसतील या भयानें सारे मूग गिळून बसले, आणि विठोजी रडत घरीं गेला. श्रीमंतांस त्या दिवशीं जेवण गेलें नाहीं. रघोपंतांस म्हणाले, "पुढील सभेंत पोरें हसत घरीं गेलीं पाहिजेत." आतां रघोपंत म्हणजे असे आज्ञाधारक कीं पाणी आणा म्हटलें तर विहीर उपटून आणतील. रयतेस ऐकावयास शिकवावें, पोरांस धीर द्यावा, यास वेळ लागतो. रघोपंतांनीं एक तांबडा रुमाल घेतला. श्रीमंत पुढें बसत, त्यांचे पाठीमागें रघोपंत उभे राहूं लागले, आणि रयतेस समज दिली कीं रुमाल वर गेला म्हणजे वाहवा म्हणावी, रुमाल गरगर फिरला म्हणजे बहोत खूब म्हणावें, आणि रुमाल डोळ्यांस लागला म्हणजे सर्वांनीं डोळे पुसावे. मागें छडीदार उभे केले. श्रीमंतांस पाठीस डोळे नाहींत, त्यांस काय दिसणार? आणि गाणारीं पोरें भयानें डोळे मिटून घेत. मग काय विचारतां! पटांगण वाहवेनें दणाणूं लागलें, हत्ती साखळी तोडूं पाहे.

त्याच गांवीं महादशेट पोतदार म्हणोन सोनार होते. पोतदार म्हणजे राज्याचें नाणें पारखणारा. दगडावर नाणें आपटावें, कान द्यावा, आणि खरें कीं बद तें सांगावें, हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यांची कन्या मथुरा, घरांत मथू म्हणत, वय एकुणीस. गळा गोड, परंतु स्वभाव बापाचे दुकानांत घडलेला. ताकहि फुंकून पिणार, आणि फुंकल्यावरहि वाटी उलटी करून तळ पाहणार. तिचे मनीं एकच गोष्ट कीं दाजीबुवांचे पायांशीं बसोन गाणें शिकावें. परंतु बुवांचे घरचें शिक्षण बारा वर्षांचें, आणि इकडे सराफांचे घरून चांगली सोयरीक आलेली, ती बारा वर्षें थांबत नाहीं. महादशेट म्हणाले, "मला गाण्यांतलें काय कळतें, पोरी? सभा बरें म्हणाली तर जा बुवांकडे. नाहीं म्हणाली तर सराफांस होकार देऊं." हा बोल ठरला.

मग दुसरी सभा जाहली. आपली पाळी येईतों पोरांनीं हत्तीखान्यांत बसावें, तेथून सभा ऐकूं येई, दिसत नसे. विठोजी पुन्हां वाजवावयास बसला, आणि मध्येंच सारंगीची तार टण्णकन तुटली, तों बाहेर गर्जना जाहली, "वाहवा! वाहवा!" मथूचे मनांत शंकेची पाल चुकचुकली. तार तुटली त्यांत वाहवा ती कसली? तितक्यांत तिचीच पाळी आली. तिनें डोळे मिटून पद म्हटलें, आणि वाहवेचा असा पाऊस पडला कीं श्रीमंतांनीं स्वतः शेला दिला. विठोजीस सारंगीशार्दूळ पदवी जाहली. त्यानें मिशा राखिल्या, तालीम सोडिली, आणि बुवांचे घरीं जावयास पालखी मागूं लागला.

महादशेट घरीं आले ते पेढे घेऊनच. "मथू, जिंकलीस! सराफांस उद्यांच नकार कळवितों." मथूनें पेढा हातांत धरिला, खाल्ला नाहीं. म्हणाली, "बाबा, उद्यां नको. एक पौर्णिमा थांबा. कोठें तरी पाणी मुरतें आहे." महादशेट चिडले. "अगे, सारा गांव वाहवा म्हणाला! पदरीं पडलें पवित्र झालें म्हणावें, तर ही त्याचे आंत बोट घालून पाहते." मथू म्हणाली, "तुम्हींच शिकविलें ना, राजानें स्वतःचे हातानें दिलें तरी नाणें वाजवून घ्यावें?" यावर महादशेट कांहीं बोलिले नाहींत, आणि बोलिले नाहींत म्हणोन तिचा संशय दुणावला. बापास वाद घालावयाची हौस मोठी, तो गप्प कां?

तिसरे सभेस मथूनें मनांत कपट धरिलें. गाण्यांत सम म्हणोन एक ठिकाण असतें, तालाचा पहिला ठोका, तेथें फिरून गाणें घरीं येतें, आणि ऐकणाराची मान आपोआप हालते, मग तो राजा असो कीं मोळीविक्या. मथूनें ठरविलें कीं डोळे उघडे ठेवून गावें आणि ती सम जाणून चुकवावी. मृदंगावर कोंडोबा होते. त्यांचा ठोका समेवर पडला आणि मथू अर्धा ताल मागें राहिली. कोंडोबांनीं असे डोळे वटारिले कीं जणूं तिनें देवापुढचा दिवा विझविला. आणि त्याच क्षणीं श्रीमंतांचे पाठीमागें तांबडा रुमाल वर गेला, आणि रयत गर्जली, "वाहवा!" मथूनें पुन्हां सम चुकविली. रुमाल गरगर फिरला. "बहोत खूब!" मान एकाचीहि हालली नाहीं. सारे रुमालाकडे पाहत होते, तिच्याकडे कोणी पाहतच नव्हतें. आणि त्या गर्दींत तिसरे रांगेंत तिचा बाप, मान उंच करून, रुमालावर डोळा ठेवून, सर्वांहून मोठ्यानें ओरडत होता.

घरीं येऊन तिनें विचारिलें, "बाबा, छडीच्या भयानें ओरडलांत?" महादशेट खालीं पाहत बोलिले, "पहिल्यानें छडीच्याच. मग तुझ्या. तूं घरीं येऊन पुसणार, बाबा, कसें झालें, आणि मी काय सांगूं? तुझें तोंड उतरलेलें मला बघवत नाहीं." मथू म्हणाली, "आणि बारा वर्षांनीं कळलें असतें कीं गळा बद आहे, मग? तें तोंड बघवलें असतें?" आणि ती भडभडोन रडली, आणि महादशेटहि रडले, आणि त्या दिवशीं त्यांचे घरीं चूल पेटली नाहीं.

पुढील पौर्णिमेस मोठा थाट. शेजारच्या राज्याचे वकील पाहुणे आले. श्रीमंतांनीं त्यांस अभिमानें सांगितलें कीं आमचे राज्यांत पोरेंटोरेंहि गंधर्व आहेत, आणि प्रथम मथूसच बसविलें. दाजीबुवा एका कडेस तोंड फिरवून बसले होते. पदव्या मिरविणारे इतके शिष्य घरीं येऊन पडले कीं म्हातारा कावला होता, मथूस पाहून पुटपुटला, "आली आणखी एक शेलेवाली." मथूनें तें ऐकिलें. मग तिनें तंबोरा मांडीवर घेतला, परत खालीं ठेविला, उठोन मुजरा केला आणि म्हणाली, "महाराज, बक्षीस द्यावयाचें तर आज आधीं द्यावें." श्रीमंत हसले. "गाण्याआधींच? काय पाहिजे?" मथू बोलिली, "फार नाहीं. रघोपंतकाकांचे हातचा तांबडा रुमाल."

श्रीमंतांनीं सहज वळोन मागें पाहिलें. रघोपंत घाबरोन रुमाल लपवूं गेले, तो घाईंत वरच गेला, आणि रुमाल वर गेला तों सारी रयत एकमुखानें गर्जली, "वाहवा! वाहवा!" अद्याप गाण्याचा सूरहि लागला नव्हता. वकिलांनीं तोंडापुढें शेला धरिला. श्रीमंतांचें तोंड उतरलें. "पंत, हें काय?" रघोपंत हात जोडोन बोलिले, "महाराज, पोरें हसत घरीं गेलीं पाहिजेत अशी आज्ञा होती." श्रीमंतांनीं स्वतः उठोन रुमाल घेतला, मथूचे हातीं दिला, आणि छडीदारांस म्हणाले, "जा रे, घरीं जा." रयतेस म्हणाले, "ज्यास जावयाचें त्यानें जावें."

मथू गावयास बसली. रुमाल मांडीखालीं. मागील दोन रांगा उठोन खरेंच चालत्या जाहल्या, चपला घासत, बोलत, आणि तें तिला सुरीसारखें लागलें. उरलेले बसले ते दगड. पहिली सम आली, कोणी हाललें नाहीं. हे गप्प आहेत ते गाणें वाईट म्हणोन, कीं सवय नाहीं म्हणोन? कीं पुन्हां कोणी मागें उभा आहे? तिनें एकेका चेहऱ्याकडे संशयानें पाहिलें, आणि पाहतां पाहतां गात राहिली, आणि मग चौथे कीं पांचवे फेरीस कडेवर मूल घेतलेली एक कोष्टीण होती, तिची मान समेवर किंचित हालली. मग तिचे शेजारणीची. मग कोंडोबा मृदंगावर खुलले. मग मथूनें धीर करून तारषड्ज घेतला, वरचा सा, जेथें तिला पूर्वींच्या सभेंत सर्वांत मोठी वाहवा मिळाली होती, आणि तेथें आवाज फाटला. स्पष्ट फाटला. तों साऱ्या पटांगणांतून एकदमच निघालें, "अरेरे!"

कोणी शिकविलें नाहीं, कोणी खूण केली नाहीं. पाहुणे वकील म्हणाले, श्रीमंत म्हणाले, रिकाम्या हातानें उभे राहिलेले रघोपंतहि म्हणाले. आणि मथूचे डोळे भरून आले. हे ऐकत होते! सारे ऐकत होते! ती त्या फाटलेल्या सुरावरून उतरली ती गोल फिरोन नेमकी समेवर आली, आणि पटांगणांतल्या साऱ्या माना एका ठोक्यावर हालल्या, जशी वाऱ्यानें जोंधळ्याचीं कणसें हालावीं.

गाणें संपलें. वाहवा कोणी म्हटली नाहीं. म्हणावी कीं न म्हणावी हें कोणास उमजेना. मथूनें तिसरे रांगेंत बापाकडे पाहिलें. महादशेट उठोन उभे राहिले, आणि भर दरबारांत, श्रीमंतांसमोर, पाहुण्यांसमोर, मोठ्यानें बोलिले, "मथू, वर फाटला गे. वरती आवाजांत चीर आहे." मग पुढें बोलिले, "बाकी खणखणीत. दगडावर आपटून सांगतों."

मथू हसली. ती हसत घरीं गेली, म्हणजे रघोपंतांस दिलेली आज्ञाहि पाळिली गेली. जातांना दाजीबुवांनीं तिला हाक मारिली, "ए पोतदाराची, उद्यां पहाटे ये. शेला घरीं ठेवून ये."

तात्पर्य इतकेंच कीं सराफांस नकार गेला. विठोजीनें मिशा काढोन पुन्हां गोठा धरिला आणि आतां बरा वाजवितो. रघोपंतांस हत्तीचे वैरणीवर नेमिलें, तेथें वाहवेचें काम नाहीं. आणि पौर्णिमेची सभा चालू आहे, माणसें पूर्वींच्या निम्मीं येतात, परंतु येतात तीं ऐकावयास येतात. लिहिलें तें डोळ्यांनीं पाहून लिहिलें. वाचून कोणी फार वाखाणिलें, तर त्याचे पाठीमागें कोण उभा आहे तें आधीं पाहावें. इति लेखन समाप्त.