भूकंप वरच्या मजल्यावरून येतो

भूकंपाचा उगम जमिनीच्या पोटात असतो, ही समजूत जमिनीवर राहणाऱ्यांची आहे. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना ठाऊक असतं, की जगातला प्रत्येक हादरा वरच्या मजल्यावरून येतो.

बेंगळूरमधल्या जयनगरच्या 'निःशब्द रेसिडेन्सी'त (चार मजले, मजल्याला एक घर, खाली पार्किंग) एका शनिवारी सकाळी हे शास्त्र सिद्ध झालं.

सगळ्यात वर राहणारी सुप्रीता तेव्हा दोरीवरच्या उड्यांचा सराव करत होती. शाळेच्या संघात तिची पहिल्यांदाच निवड झाली होती (तोवर तिची निवड फक्त फळा पुसायला व्हायची) आणि स्पर्धा आठवड्यावर आली होती. दमून ती पाणी प्यायला थांबली, आणि नेमकी तेव्हाच इमारत हलली. पंखा डुलला, ताटं खणखणली. हादरा बसला तेव्हा ती उडी मारत नव्हती, हा मुद्दा अत्यंत महत्त्वाचा आहे. म्हणूनच पुढे कोणी त्याची दखल घेतली नाही.

अशा वेळी मोकळ्या जागेत पळावं, असं शाळेत शिकवतात. पण शाळेला वरच्या मजल्यावरचे शेजारी कुठे असतात? पहिल्या मजल्यावरचे बिंदुमाधवअण्णा, सोसायटीचे अध्यक्ष, कॉफी लुंगीवर सांडताच तडक वर निघाले. दुसऱ्या मजल्यावर धनलक्ष्मीअक्का दारातच कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"अक्का, ते ग्राइंडर स्वल्प हळू!"

"माझं ग्राइंडर दिवाळीपासून बंद आहे, अण्णा. हे तिसऱ्याचं ट्रेडमिल!"

दोघं तिसऱ्यावर गेले. तिथला महांतेश बेळगावकडचा. "ट्रेडमिलवर मी कपडे वाळत घातल्यात की! वर बघा जावा," म्हणाला आणि स्वतःही निघाला (तक्रारीला एकट्यानं जाणं बरं दिसत नाही). अशा प्रकारे, बाकीचं बेंगळूर जिने उतरत असताना 'निःशब्द'चे जबाबदार नागरिक शिस्तीत वर चढत होते.

दार सुप्रीताच्या आईनं, अनुसूयानं उघडलं.

"अनुसूया, मुलगी उड्या मारते की घर पाडते?"

"अण्णा, ती पाणी पीत होती."

"पाणी प्यायल्यानं माझी कॉफी सांडत नाही."

एवढ्यात महांतेशचा मोबाइल वाजला. "अवो अण्णा, भूकंप झालाय म्हणं!"

अण्णांनी शांतपणे विचार केला. "असेल. गावाचा गावाला झाला असेल. आपल्या बिल्डिंगीतला हिचा."

शिवाय भूकंपाला फ्लॅट नंबर नसतो. समज द्यायची कुणाला? सुप्रीताला नंबर होता. सबब, उड्या आजपासून बंद.

"बुद्धिबळ खेळ गं, पुट्टी," अक्का मायेनं म्हणाल्या (पुट्टी म्हणजे छकुली). "त्यात कोणी उडत नाही."

"घोडा उडतो," सुप्रीता म्हणाली.

"मग तेही नको," अण्णा म्हणाले.

आईनं हताशपणे "सरी, अण्णा" म्हणून मान्य केलं. वर दाद मागावी, तर वर फक्त पाण्याची टाकी आणि परमेश्वर. दोघंही उन्हाळ्यात भरवशाचे नाहीत.

सुप्रीताच्या डोळ्यांत पाणी येऊ लागलं. मग ते तिनं परत पाठवलं.

"हो. भूकंप मीच केला," ती म्हणाली.

महांतेशनं मोबाइल खिशात टाकला.

"पण तो सराव होता." तिनं दोरी सावकाश उलगडली. "स्पर्धेचा अजून व्हायचाय."

तिघांनी एकदम कठडा धरला. अण्णांपुढे दोनच मार्ग होते: आपण चुकलो असं म्हणणं किंवा घाबरणं. अध्यक्ष या नात्यानं ते घाबरले.

त्याच संध्याकाळी अण्णांची गाडी रस्त्यावर गेली आणि पार्किंग सुप्रीताला मिळालं. खालचा हादरा वर चढत नाही, असं एकमतानं ठरलं.

स्पर्धेत तिचा तिसरा नंबर आला. शहर शाबूत राहिलं, याचं श्रेय अण्णा तिच्या संयमाला देतात.

आता ट्रकनं, मेट्रोच्या कामानं, कशानंही घर थरथरलं, की चौथ्या मजल्यावर फोन येतो: "पुट्टी, तूच ना?" ती "हो, मीच" म्हणते, आणि लोक निर्धास्त होऊन पुन्हा डोशाकडे वळतात.

वाचकांना नम्र विनंती: हे वाचून हसू आलं असेल, तर बेतानं हसा. तुमच्या खालीही कोणीतरी राहतं, आणि ते वर यायला चप्पल शोधतंय.