सासऱ्यांच्या जीपला बंपर

वस्तू निवडावी तर मीच! हे मी स्वतःच्याच तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही. कपाट असो की कंगवा, चार दुकानं पालथी घातल्याशिवाय आणि दुकानदाराला घाम फोडल्याशिवाय मी पाकिटाला हात लावत नाही. त्यामुळे सासऱ्यांच्या जीपला पुढचा बंपर निवडायची वेळ आली, तेव्हा ते काम कुणी न सांगताच मी अंगावर घेतलं.

सासरे जंगलखात्यात ड्रायव्हर होते. बकरीसुद्धा बिचकेल अशा वाटांवरून त्यांनी जीप नेलेली. निवृत्त झाल्यावर तीच जीप त्यांनी खात्याकडून विकत घेतली, आणि सासूबाई गेल्यावर ती चालवतच ते आमच्याकडे राहायला आले. मग एके दिवशी फाटकातून आत घेताना जीप खांबाला धडकली. कुणाला काही लागलं नाही. खांब कलला, बंपर वाकला, बस्स. पण सासरे खाली उतरले, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "आता माझ्या हाताचा भरवसा नाही."

तेव्हापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. व्हरांड्यात खुर्ची टाकून त्या वाकड्या बंपरकडे बघत बसायचे. हातातला चहा गार व्हायचा.

"मला बाबांना असं बघवत नाही," बायको म्हणाली. "नवा बंपर लावू या का? तो वाकडा नजरेसमोरून गेला, तर बसतीलही पुन्हा गाडीत."

"तू फक्त बघत राहा!" मी म्हणालो. तिने बघायला सुरुवात केली आणि माझे ग्रह फिरले.

मला वाटलं होतं, बंपर म्हणजे बंपर. छे! गॅरेजवाल्याने पुढ्यात चित्रांचं जाडजूड पुस्तकच टाकलं. एक बंपर अख्खा, एक अर्धा. एकाला वर नळीची कमान, एकाला दिवे बसवायला जागा. एकात म्हणे विंच बसते, म्हणजे रुतलेली गाडी तारेने ओढून काढणारं यंत्र. एक तर इतका वजनदार, की जीपने जन्मभर मान खाली घालून चालावं!

"साहेब, गाडीचं नेमकं काय करायचंय?" गॅरेजवाल्याने विचारलं.

"सासऱ्यांना बसवायचंय."

"मग सीट कव्हर घ्या की!"

पुस्तक घरी आणलं. बायकोला कमानीचा बंपर रागीट वाटला, अर्धा अर्धवट वाटला. सासऱ्यांनी तर पुस्तक उघडलंच नाही. "कशाला उगाच? मी काय आता चालवणार आहे थोडाच?" असं म्हणून त्यांनी त्यावर कप ठेवला. कपाच्या डागासकट ते मी गॅरेजवाल्याला परत केलं.

आता माझ्या धंद्याचं सांगायला हवं. मी खोक्यांच्या कारखान्यात नमुने करतो. आमच्याकडे शिस्त अशी, की कुठलंही खोकं आधी पुठ्ठ्यात खऱ्या मापाचं करायचं, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, त्याने मान डोलावली की मगच यंत्र सुरू. मग बंपरचाच नमुना का करू नये? जीपला लावून बघू, बाबांना आवडला तर पोलादाचा मागवू! अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे लहानपणी वाचलं होतं. पण ते मला उद्देशून आहे असं कधी वाटलं नव्हतं.

रविवारी सासरे फिरायला गेल्यावर मी वाकडा बंपर काढला आणि पुठ्ठ्याचा बसवला. कमान, दिव्यांची जागा, सगळं साग्रसंगीत! फाटकाचा उरलेला काळा रंग फासला, नटबोल्टच्या जागी बाटल्यांची बुचं चिकटवली. लांबून बघितलं आणि माझं मलाच भरून आलं. असा देखणा नमुना मी कारखान्यातसुद्धा केला नव्हता.

सासरे आले. थबकले. हात पाठीमागे बांधून त्यांनी जीपला प्रदक्षिणा घातली.

"वा! चांगलाच दणकट आणलास की!" आणि त्यांनी हात पुढे केला.

"हात लावू नका! रंग ओला आहे!" मी ओरडलो.

खरं तर 'बाबा, हा नमुना आहे' एवढंच म्हणायचं होतं. पण ते हसत होते हो! त्यांनी खुर्ची जीपजवळ ओढली आणि चहा गरम असताना संपवला. म्हटलं, आज नको, उद्या सांगू.

बायकोने मला स्वयंपाकघरात ओढलं. "मला न विचारता आणलास?"

"अगं, ऐक तर..."

"बाबा हसले रे!" तिचे डोळे भरले होते. म्हटलं, हिलाही उद्याच सांगू.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात असताना तिचा फोन आला. आवाज आनंदाने नुसता फुटत होता. "बाबा जीप घेऊन गेले! स्वतः! एकटे!"

"काय सांगतेस!" मी टेबलावर थाप मारली.

"शेजारच्या, त्या गुरांच्या डॉक्टरीणबाई, कुठे गाय अडलीये म्हणून निघाल्या होत्या, त्यांची गाडी ओढ्याजवळ चिखलात रुतली. त्यांचा फोन आल्या आल्या बाबांनी किल्ली मागितली. म्हणाले, ओढून काढतो!"

मी ताडकन उठलो. "दोर कशाला बांधणार?"

"कशाला म्हणजे? नव्या बंपरला! एवढा दणकट आणलायस ना?"

मी कारखान्याच्या टेम्पोवाल्याला गदागदा हलवलं. "खोकी नंतर! आधी सासरे!"

ओढ्याजवळ पोहोचलो तेव्हा डॉक्टरीणबाईंची चिमुकली गाडी चाकं बुडेपर्यंत चिखलात होती. समोर जीप. मध्ये दोर, आणि डॉक्टरीणबाईंनी मारलेली त्याची गाठ थेट माझ्या कमानीला! सासरे ताठ बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. चेहरा असा, की मी तो आजवर फक्त त्यांच्या जुन्या फोटोत बघितला होता.

"बाबा, थांबा! गाडी मागे घेऊ नका!"

त्यांचा चेहरा उतरला. "चालवू नको म्हणायला धावत आलास? एवढासुद्धा भरवसा नाही माझ्यावर?"

"तसं नाही हो, तो बंपर..."

"बघच आता!" आणि त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला.

फर्रर्र! डॉक्टरीणबाईंची गाडी तसूभर हलली नाही. बंपर मात्र दोराला लटकत चिखलात पडला, आणि जीप सुसाट मागे जाऊन झुडपात घुसली. इंजिन बंद पडलं.

मी जागचा हललो नाही. पुन्हा धडक! आणि या वेळी माझ्यामुळे! आता हा माणूस जन्मात गाडीत बसणार नाही, बायकोला मी काय सांगू?

सासरे खाली उतरले. नजर स्वतःच्याच हातांवर होती. ते सावकाश चालत बंपरपाशी आले, वाकले, आणि तो एका हाताने उचलला गेला! त्यांनी त्याच्याकडे बघितलं. उलटा केला. आतल्या बाजूला आमच्या कारखान्याची ठळक अक्षरं होती. ती त्यांनी मोठ्याने वाचली.

"काचसामान. जपून हाताळा."

डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात दाबला. मी मान खाली घातली.

"पुठ्ठा?" सासऱ्यांनी विचारलं.

"नमुना होता बाबा. सांगणार होतो. पण तुम्ही इतके खूश दिसलात, की जीभच रेटेना."

त्यांनी पुठ्ठा बोटाने दाबून बघितला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे माझा हात चुकला नाही?"

"नाही हो बाबा! तुमचं काहीच चुकलं नाही. माझा बंपर चुकला."

त्यावर ते जे हसायला लागले, ते थांबेचनात! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग डोळे पुसले, दोर जीपच्या खालच्या लोखंडी हुकात अडकवला, गाडीत बसले आणि डॉक्टरीणबाईंची गाडी लोण्यातून केस काढावा तशी अलगद बाहेर काढली. बाई चिखलाच्या हातानेच नमस्कार करून गायीकडे पळाल्या.

मी सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे गेलो.

"तिकडून बस," सासरे म्हणाले.

मी वळसा घालून दुसऱ्या बाजूने बसलो. चिखलाने माखलेला बंपर त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला आणि जीप थेट गॅरेजकडे घेतली. गॅरेजवाल्याने आम्हाला बघितलं, माझ्या मांडीवरचं ध्यान बघितलं, आणि बिचारा आतून पुस्तक घेऊन आला.

सासऱ्यांनी पहिलंच पान उघडलं. बोट ठेवलं. कमान नाही, दिव्यांना जागा नाही, एक साधी सरळ पोलादी पट्टी!

"बाबा, पुढची पानं तरी बघा! यात एक..."

"चूप!" ते म्हणाले. "गाडी मी चालवणार आहे."

मी पुस्तकाकडे नेलेला हात मागे घेतला. पुठ्ठा जपून हाताळत बसून राहिलो.