बुरुलचा अपाची कात्री

"डोळे तांदूळ निवडायला ठेवा गं! कापड निवडायला बोटं पुरतात!"

असं म्हणून बुरुलचा अपानं, म्हणजे बुरुलचा आजीनं, डोळे गच्च मिटले आणि चिंध्यांच्या ढिगात हात घातला. "ही मखमल, शाळामास्तरणीच्या लग्नातली. हे चीट, दवाखान्याच्या पडद्याचं. आणि हे... शी! तुझं पायपुसणं इथं कसं आलं गं, गुल्सुन?"

सूनबाईनं पायपुसणं मुकाट्यानं उचललं. नारीन नदीकाठच्या त्या गावात तुकड्यांची गोधडी शिवावी तर बुरुलचा अपानंच! सुई लांब, अंगुस्तान पितळी, खडू साबणाच्या चिपेचा, आणि कात्री अशी दांडगी की मेंढरानं लांबून पाहिली तरी अंग चोरावं! कात्रीच्या मुठीला एक चिंधी गुंडाळलेली होती. इतकी मळकी, की तिचा मूळ रंग एका अल्लालाच ठाऊक.

"अपा, ती चिंधी टाका ना आता," गुल्सुन नेहमी म्हणे. "पाहुण्यांसमोर लाज वाटते."

"लाज चिंधीची नसते, आळसाची असते! दोरा दे!"

घाई होती हो! नातीला, अयझिरेकला, मुलगा झाला होता, आणि रविवारी बाळाला पाळण्यात घालायचं होतं. पाळणा पणजोबांनी, म्हणजे अपाच्या नवऱ्यानं, स्वतः रंगवला होता. रंग वाळला, आणि बाळ यायच्या आत, ऐन बर्फात, म्हातारा निघून गेला. रडणाऱ्या नातीला अपानं शब्द दिला होता, "पणजोबा येणार पाळण्याला! तुकड्यातून येतील, पण येतील!"

तिथली रीतच तशी. पिकल्या पानाच्या कपड्यातला एक त्रिकोणी तुकडा बाळाच्या गोधडीत शिवला, की त्याचं उदंड आयुष्य बाळाला लागतं.

सगळे तुकडे जुळले. मधला त्रिकोण तेवढा रिकामा राहिला. अपा ऐटीत उठली, म्हाताऱ्याची पेटी उघडली, आणि खाली बसली.

पेटी रिकामी!

रिकामीच असणार! मयताला अंघोळ घालणाऱ्यांना मयताचे कपडे द्यायचे, हीही तिथलीच रीत. आणि त्या दिवशी अपानंच टाहो फोडून सांगितलं होतं, "न्या, सगळं न्या! मला काही दिसायला नको!" लोकांनी शब्द मानला. माणूस दुःखात बोलून जातो, आणि वरचा नेमकं तेवढंच ऐकतो!

"त्यात काय!" अपा कंबर कसून उठली. "तिघांनी नेलंय. बोटभर तुकडा कोण नाही म्हणेल?"

कात्री शालीखाली घेऊन अपा निघाली. पहिलं घर जुमादिलचं.

"सदरा?" जुमादिलनं मान खाली घातली. "वहिनी, रागावू नका. दोरीवर वाळत घातला होता. गाईनं खाल्ला."

"अख्खा?"

"बटणं थुंकली."

अपानं गाईकडे असं पाहिलं, की गाय रवंथ करायची थांबली. दुसरा कासिम. तो विजार घालून मेंढरांमागे वर कुरणात गेला होता आणि बर्फ वितळून वाटा उघडल्याशिवाय उतरणार नव्हता. राहिला सूरोनबाय, त्याच्याकडे काळा कोट. सूरोनबाय घरी नव्हता. शुक्रवार, मशिदीत गेलेला.

"अपा, नमाज होऊ द्या," मागून धावत आलेली गुल्सुन कळवळली. "बायका तिकडे जात नाहीत!"

"मी नमाजाला कुठं जातेय? मी कोटाला जातेय!"

मशिदीच्या अंधाऱ्या पडवीत, वजू करताना, नमाजाआधी हातपाय धुताना, काढलेले कोट खुंट्यांवर ओळीनं लटकले होते. सगळे काळे! अपानं डोळे मिटले. पहिला, छे, खरखरीत. दुसरा, नवा. तिसऱ्यावर बोटं थांबली. कोपराला घासलेला, कॉलरला मऊ. "अहो, हे तुम्हीच," ती पुटपुटली. आणि कच्च! पाठीमागचा एक त्रिकोण तिच्या मुठीत आला.

घटकेनं इमामसाहेब कोट चढवून प्रवचनाला उभे राहिले. काय गळा होता त्यांचा! सबुरीची कथा ते अशी आळवून गात, की दगडानं डोळे पुसावेत. खिडकीखाली बसून अपाही तुकडा छातीशी धरून डोळे पुसत होती. मग प्रवचन संपलं, इमामसाहेब नमाजाच्या दिशेला, किब्ल्याकडे वळले, आणि अख्ख्या गावाकडे त्यांची पाठ झाली.

पाठीत त्रिकोणी खिडकी! आत पांढरा सदरा!

पहिल्या ओळीत कुणीतरी फिसकन् हसलं. दुसरी ओळ खोकल्यावर निभावायला गेली. तिसऱ्या ओळीनं तर लाजच सोडली! नमाज मोडली हो! आयुष्यात पहिल्यांदा त्या गावात शुक्रवारची नमाज पुन्हा पहिल्यापासून पढावी लागली.

बाहेर आलेला सूरोनबाय अपाच्या मुठीकडे पाहून हबकला. "वहिनी, भाऊंचा कोट मी पोराला दिला. तो कामाला रशियात गेलाय. तिकडे थंडी फार."

अपा घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. गावभर अपाची करणी, चेटूक, म्हातारपणी नव्या नवऱ्याची शोधाशोध, काय काय उठलं! अपाला त्याचं काही नव्हतं. "इतकी वर्षं त्या कोटावर हात फिरवला गं," ती सुनेला म्हणाली, "आणि बोटांनी दुसऱ्याचा उचलला. बोटंसुद्धा विसरली."

संध्याकाळी इमामसाहेब कोट हातावर टाकून दारात आले. सूनबाईच्या हातून चहाचा पेला निसटता निसटता राहिला.

"अपा, माझा त्रिकोण द्याल का? पाठीला वारा लागतो."

"मारा मला, इमामसाहेब!"

"माराल तुम्हीच, कात्री तुमच्याकडे आहे," ते हसले. "ठिगळ लावा, झालं. आणि खिडकीखाली कशाला बसता? माझी कथा आतून बरी ऐकू येते."

अपा सुई ओवू लागली. पाहुण्यासमोर ती मळकी कात्री नको, म्हणून गुल्सुननं घाईघाईनं मुठीची चिंधी सोडायला घेतली.

"सोड ते!" अपा वाघिणीसारखी ओरडली. "हात लावू नकोस! ते ह्यांनी बांधलंय!"

आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

लग्नानंतरच्या पहिल्या गोधडीला अपाच्या अंगठ्यावर फोड आला होता. म्हाताऱ्यानं, तेव्हाच्या पोरसवदा नवऱ्यानं, अंगातल्या सदऱ्याची बाही टर्रकन् फाडून मुठीला गुंडाळली होती. वर आईची बोलणीही खाल्ली होती.

अपानं एकेक वेढा उलगडला. वरचा काळा, त्याखालचा राखाडी, आणि पार आतला वेढा निळ्या चौकड्यांचा, काल दुकानातून आणल्यासारखा!

रविवारी बाळ पाळण्यात गेलं. ठिगळाचा कोट घालून इमामसाहेबांनी दुआ गायली. बायका गोधडीच्या मधल्या निळ्या त्रिकोणावर हात फिरवून तो हात कपाळाला लावत होत्या. अयझिरेक आजीला शोधत कोपऱ्यात आली.

"अपा! आजच्या दिवशी रडतेस?"

"रडतंय कोण!" अपानं अंगठा पुढे केला. "उघड्या लोखंडानं कापलं, फोड आला. आता मूठ कुणी बांधून द्यायची, सांग!"

फोड खराच होता. मसुरीच्या दाण्याएवढा.