नाना एक तसंच ठेवतात

आमच्या शेजारच्या भास्करनानांच्या घराला अबोली रंग दिलेला आहे. सगळीकडे आहे, फक्त माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर दाराएवढा एक पट्टा सोडून. तिथे जुना चुना, पोपडे आलेला. रंगारी काम अर्धवट टाकून पळाला असेल म्हणून मी आपुलकीनं चौकशीला गेले. नाना म्हणाले, तो पट्टा मुद्दाम सोडलाय. हा रंग दिला की घर थंड राहतं म्हणतात, मग एक तुकडा तसाच ठेवल्याशिवाय खरं-खोटं कळणार कसं? मी म्हटलं, मग तुमच्या ओट्याच्या बाजूला ठेवायचा होतात. त्यावर म्हणे, तिकडे ऊन येत नाही. आता रोज पोळ्या लाटताना मी विज्ञानाकडे बघत असते.

नाना इथे फैजपुरातच शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले ते शाळेपुरते, गल्लीला काही सुट्टी मिळाली नाही. "एक तसंच ठेवा" हे त्यांचं पालुपद. कुठलाही उपाय केला की एक जागा उपायाविना सोडायची, म्हणजे फरक उपायानं पडला की आपोआप, ते समजतं. म्हणणं बरोबरच आहे हो, पण बरोबर माणसाच्या शेजारी राहून बघा एकदा. माझे गुडघे दुखत होते, तिळाचं तेल चोळलं, थांबले. कौतुकानं सांगायला गेले तर पहिला प्रश्न, दुसऱ्या गुडघ्याला नाही ना लावलंस? मी दोन्हींना लावलं होतं. "वाया घालवलंस गं सुनंदा," म्हणाले आणि खरोखर हळहळले.

एकदा आमच्या ह्यांनी केळीवर फवारायला कसलंसं टॉनिक आणलं. नानांना वास लागलाच. मळ्यात जाऊन त्यांनी एका ओळीच्या टोकाला लाल चिंधी बांधली आणि बजावलं, ही ओळ फवारायची नाही. ह्यांनी मान डोलावली. पण पाठीवर पंप घेऊन परतताना त्यांना त्या ओळीची दया आली. सगळ्या बहिणींना साडी आणि एकीलाच नाही, असं कसं, म्हणून दिलं तिलाही फवारून. नानांना कळलं तेव्हा ते ह्यांच्याशी पार पोळा येईपर्यंत बोलले नाहीत. त्यांना शिव्या घातल्या असत्या तरी एवढा राग आला नसता.

पण नाना समजावून सांगायला बसले की कामं राहतात. अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, मांडे असे करायच्या की आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, अख्खी गल्ली त्यांच्या चुलीपाशी. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत परातीएवढा वाढवायचा आणि पालथ्या खापरावर टाकायचा, हे येरागबाळ्याचं काम नाही. एका आखाजीला नानांनी त्या गोळ्यावर तीळ चिकटवले आणि जमलेल्या बायकांना म्हणाले, हे विश्व. एकेक तीळ म्हणजे एकेक दीर्घिका, तिच्यात न मोजता येण्याइतके तारे. अक्का मांडा वाढवू लागल्या तसे तीळ एकमेकांपासून लांब जाऊ लागले. नाना सांगत होते, तीळ चालत नाहीत बायांनो, मांडा वाढतोय, आपलं विश्वही असंच वाढतंय.

एकीनं विचारलं, मग मधोमध कोण? नाना म्हणाले, कुठल्याही तिळाला विचारा, तो म्हणेल मीच मधे, आपल्या गावातल्या पुढाऱ्यांसारखं. माझ्या सासूबाई बोलत नाहीत सहसा, त्यांनी विचारलं, पण मांडा अक्का वाढवतात, विश्वाले कोण वाढवते? ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही, असं नाना इतक्या आनंदानं म्हणाले, की घरात पेढे आलेत असं वाटावं. तेवढ्यात अक्का ओरडल्या, सरा बाजूला, तुमचं विश्व फाटीन. तो मांडा थोडा फाटला, पण आम्ही तो तिळांसकट वाटून खाल्ला.

गेल्या वर्षी अक्कांची बोटं आखडली. संधिवात. आधी मांडे गेले, मग वेणी घालणं गेलं, मग निऱ्या धरणं. औषधं चालू होती, गुण बेताचाच. जळगावच्या डॉक्टरांनी विचारलं, एका नव्या गोळीचा अभ्यास चालू आहे, त्यात येता का? चालू औषधं बंद होणार नाहीत, वर ही एक गोळी. मात्र निम्म्या लोकांना खरी मिळणार आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी साधी, जिच्यात औषधच नाही. कुणाला कुठली, ते खुद्द डॉक्टरांनाही कळणार नाही.

म्हणजे नानांचं जन्माचं पालुपद थेट त्यांच्या घरात आलं. मला वाटलं, नाना नाचतील. नाना नाचले नाहीत.

संमतीचे कागद घेऊन ते घरी आले आणि मला साक्षीला बसवून अक्कांना ओळ न् ओळ समजावली. कुणी जबरदस्ती करायची नाही. कळेपर्यंत विचारायचं. सही केल्यावरही मधेच नको म्हणता येतं, कारणसुद्धा द्यावं लागत नाही. अक्का म्हणाल्या, लग्नात असं कुणी सांगितलं नव्हतं. मी हसले, नाना हसले नाहीत.

अक्का अजून माहेरच्या बोलीत बोलतात. "साधी गोयी आली त मंग?"

नाना म्हणाले, तर तुला गुण येणार नाही. पण ही गोळी खरी की नुसती बडबड, ते पुढच्या बायांना कळेल.

"मंग एकीले त तसंच ठेवा लागीन ना," अक्का म्हणाल्या. "मी राह्यते." आणि त्या आखडलेल्या बोटांत पेन धरून त्यांनी सावकाश सही केली. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नाना माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. चहा समोर गार झाला. म्हणाले, "सुनंदा, तुझ्या नवऱ्यावर मी उगाच रागावलो होतो. त्या ओळीसाठी." मग विचारू लागले, गोळी जिभेला लावून पाहिली तर चवीवरून कळेल का, औषध असलं तर कडू लागेल ना? मी काही बोलायच्या आतच स्वतःच म्हणाले, नाही, नाही, ते पाप आहे. पाप हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

पण स्वस्थ बसतील तर ते नाना कसले. त्यांना ठाऊक होतं, की कधीकधी साधी गोळीसुद्धा विश्वासानं दिली तर दुखणं थोडं हलकं करते. शास्त्रज्ञांनीच पाहिलेलं आहे ते. मग ते डॉक्टरांनाच विचारून आले, प्रेमानं दिली तर तुमचा अभ्यास बिघडणार नाही ना? डॉक्टर म्हणाले, वेळेवर द्या, मग कशीही द्या.

गोळी सुरू होऊन दोनेक महिने झाले असतील. परवा सकाळी वाटी परत द्यायला गेले आणि दारातच थबकले. नाना आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. चांदीच्या भांड्यात पाणी. एरवी हा माणूस दुपारपर्यंत बनियनवर असतो. अक्कांचा हात हातात घेऊन वर्गात शिकवावं तसे सांगत होते: ही आधी पोटात जाईल, मग रक्तात मिसळेल, रक्त मनगटातून इथे येईल. एकेक बोट धरायचं, एकेक सांधा हळूच चोळायचा. आता या सांध्यात पोचली, आता या, आता करंगळीत. दहाही बोटं झाली. मी आवाज न करता ओट्यावर बसून राहिले.

नाना बाजारात गेल्यावर अक्का बाहेर आल्या आणि त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली. स्वतःच्या बोटांनी, नीट धरून. मी म्हटलं, अक्का, खरी गोळी आलेली दिसते तुमच्या वाट्याला.

"कोन जाने," अक्का म्हणाल्या. "लगनाले इतके वर्सं झाले, दिवसाउजेडी कधी हात धरला नव्हता यायनं. आता रोज धरतात. मी उठल्यापासून वाट पाह्यते." त्या लाजल्या, या वयात, चक्क पदर तोंडाला लावून. मग माझ्या कानाशी वाकल्या.

"त्यायले सांगू नको बरं. नाहीतं एखादा दिवस हात न धरता देऊन पाह्यतील."